धुऱ्यापलीकडचे पराग

वाचक विचारतात : घरचं बियाणं आणि नैसर्गिक संकर

घरचं बी धरणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. पिकं वेगवेगळी, पण शंका एकच : शेजारच्या वावरातल्या किंवा रानात उगवलेल्या सोयऱ्या झाडाचे पराग आपल्या पिकात मिसळतात का, आणि मिसळले तर ते कधी नि कसं कळतं? पत्रलेखकांची गावं दिली आहेत, नावं वगळली आहेत.

परसातल्या एका वेलाचे सगळे दोडके कडू निघाले. बी घरचंच आहे आणि ज्या दोडक्याचं बी धरलं तो गोड होता. कुंपणावर आपोआप उगवलेला कडू दोडका आहे, पलीकडे घोसाळंही आहे. कडू वेल शेजारी असला की गोड दोडके कडू होतात असं सासूबाई म्हणतात. खरं का? (वसमत, जि. हिंगोली)

सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे, फक्त एका हंगामाने चुकलं आहे. दोडक्याचा गर, साल, शिरा हे सगळं वेलाचं स्वतःचं अंग. बाहेरून आलेल्या परागाचा वाटा फक्त आतल्या बीत जातो. गेल्या वर्षी कडू दोडक्याचे पराग तुमच्या मादीफुलावर पडले तेव्हा ते फळ गोडच राहिलं, बी मात्र संकरित झालं. त्या बीचा वेल यंदा उगवला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी फळं कडू आली. कडूपणा हा वरचढ गुण आहे, त्यामुळे एका बाजूने आला तरी पुरतो. तुमच्या बाकीच्या वेलांची फळं गोड आहेत, म्हणजे सगळं बी बिघडलेलं नाही.

वेलाची काही फळं कडू आणि काही गोड असतील तर गोष्ट वेगळी. कडक ऊन, पाण्याचा ताण यांनीही वेलवर्गातल्या फळांत कडू द्रव्य वाढतं, आणि तो दोष बियाण्याचा नसतो.

घोसाळ्यावर मात्र आळ घेऊ नका. दोडका आणि घोसाळं सख्खे चुलत भाऊ, दोघांची गुणसूत्रं २६, हाताने पराग लावले तर संकरही होतो (त्या संकरित वेलाचे बरेचसे पराग वांझ निघतात). पण परसात त्यांची गाठ सहसा पडत नाही, कारण दोडक्याची फुलं संध्याकाळी पाचनंतर उमलतात आणि घोसाळ्याची पहाटे. एकाच मांडवावर चढवले तरी दोघांच्या वेळा जुळत नाहीत. कुंपणावरचा कडू दोडका ही दोडक्याचीच रानटी जात. तिची फुलं त्याच वेळी उमलतात आणि संकर बिनबोभाट होतो.

बीजोत्पादनाच्या नियमात वेलवर्गीय भाज्यांना पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढचं बियाणं करतात) १००० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी (जे शेतकऱ्याला विकतात) ५०० मीटर अंतर लागतं. परसात ते शक्य नाही. तिथे धागा आणि कागदी पिशवी एवढ्यावर भागतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास, त्या संध्याकाळी उमलणारी कळी शोधा. ती फुगलेली असते आणि टोकाला पिवळी झाक आलेली असते. मादी कळीच्या खाली बोटाएवढा शिरांचा दोडका दिसतो, नर कळीखाली नुसता देठ. मादी कळीवर बटर पेपरची पिशवी चढवून तोंड सैल बांधा. दोन-तीन नर कळ्यांची टोकंही धाग्याने बांधून ठेवा, नाहीतर माश्या त्यांच्यावर परके पराग आणून टाकतात. हे टोक बांधणं बहुतेक जण विसरतात आणि मग पिशवी घालूनही बी बिघडलं म्हणतात. संध्याकाळी नर फूल तोडून पाकळ्या मागे दुमडा, परागकोश मादी फुलाच्या तिन्ही फाट्यांवर फिरवा, पिशवी परत चढवा आणि देठाला रंगीत दोरा बांधा. तिसऱ्या दिवशी पिशवी काढा. दोडका वेलावरच वाळून तपकिरी झाला आणि आत बी खुळखुळलं की उतरवा. एका घराला असे तीन-चार दोडके पुष्कळ झाले, फक्त ते वेगवेगळ्या वेलांचे असू द्या.

एक इशारा. कडू दोडका किंवा कडू दुधी मीठ चोळून, उकडून गोड होत नाही. त्यातलं द्रव्य शिजवल्याने जात नाही आणि त्याने जोरदार उलट्या-जुलाब होतात, कधी रक्तही पडतं. चिरताना टोकाचा तुकडा जिभेला लावून थुंका. कडू लागला तर फळ फेका, वेल उपटा, आणि कुंपणावरचा वेल फुलण्याआधी काढा. कुणी आधीच खाल्लं असेल आणि त्रास सुरू झाला असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

'परभणी क्रांती' भेंडीत रानभेंडीचं रक्त आहे असं ऐकलं. मग आमच्या धुऱ्यावरची (बांधावरची) रानभेंडीही माझ्या भेंडीत मिसळत असेल. घरच्या बियाण्याची क्रांती हल्ली पिवळी पडते ती त्यामुळेच का? (सेलू, जि. परभणी)

ऐकलं ते खरं आहे. १९८० च्या दशकात परभणीच्या कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी 'पुसा सावनी' या वाणाचा संकर 'अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या रानटी जातीशी केला. पुसा सावनी चवीला, तोडणीला उत्तम, पण पिवळ्या शिरांच्या विषाणूपुढे टिकेना. रानटी भेंडी त्या रोगाला दाद देत नव्हती.

संकर झाला, पण पहिली पिढी जवळपास वांझ. कारण गुणसूत्रांच्या संख्येत आहे. आपल्या भेंडीत ती साधारण १३० आणि त्या रानटी जातीत साधारण ६६. संकरित झाडात दोघांचा निम्मा-निम्मा वाटा येतो आणि पराग बनताना जोडीला जोडी मिळत नाही. जे थोडं बी धरलं ती झाडं पुन्हा पुसा सावनीशी जुळवली आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड केली. रोगाला दाद न देण्याचा गुण राहिला, रानटीपणा गळत गेला. दोन जातींमधलं कुंपण माणसाने मुद्दाम, मेहनतीने ओलांडलं ते असं.

धुऱ्यावर हे आपोआप घडायची शक्यता फार कमी. काळ्या रानात पावसाळ्यात दिसणारी, पांढऱ्या फुलांची आणि फूल सुकताना गुलाबी होणारी रानभेंडी वेगळ्याच जातीची आहे. तिची गुणसूत्रं ७२. आपल्या भेंडीशी तिचा संकर झालाच तर झाड वांझोटं निघतं, म्हणजे तो मिसळा पुढे चालत नाही. ती उपटायचीच असेल तर वेगळ्या कारणासाठी उपटा : पांढरी माशी आणि विषाणू यांना तिच्यावर आसरा मिळतो.

तुमच्या बियाण्यात खरी मिसळ होते ती शेजारच्या दुसऱ्या भेंडीची. भेंडी स्वतःच्या परागावर फळते, तरी मधमाश्यांमुळे साधारण ५ ते २० टक्के बी परक्या परागाचं असू शकतं. प्रमाणित बियाण्याला २०० मीटर आणि पायाभूतला ४०० मीटर अंतर ठेवतात ते म्हणूनच.

आता पिवळेपणाचं निदान. प्लॉटमध्ये दहा झाडांतली एक-दोन पिवळी आणि त्यांच्या फळांचा रंग, शिरा, लव इतरांपेक्षा वेगळी असेल तर बी मिसळलं आहे. झाडं एकसारखी आहेत आणि पिवळेपणा सरसकट पसरतो आहे, तर बियाण्याला दोष देऊ नका. वाण रोगाला दाद देत नाही म्हणजे त्याला रोग होतच नाही असं नाही. विषाणूचे प्रकार बदलतात आणि एकेकाळी टिकणारा वाण काही भागांत हार खातो. क्रांतीचं तसं झालेलं आहे. पेरणीनंतर पहिल्या ३०-३५ दिवसांत दिसलेलं प्रत्येक पिवळं झाड लगेच उपटून पुरा, कडेने मक्याच्या दोन ओळी घ्या आणि पिवळे चिकट सापळे लावा. त्यानंतर पिवळी पडलेली झाडं उपटून फारसं हाती लागत नाही.

शुद्ध बी धरणं भेंडीत सगळ्यांत सोपं. उद्या सकाळी उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखू येते, पाकळ्यांचं पिवळं टोक बाहेर डोकावतं. ते टोक दोऱ्याने बांधून टाका. फूल आतल्या आत स्वतःच्या परागावर फळतं. त्या देठाला दोरा बांधून फळ झाडावर वाळू द्या. एका शेंगेत साधारण ४० ते ६० बिया मिळतात. बांधलेली फळं एकाच झाडाची नकोत, निदान २५-३० निरोगी झाडांची घ्या.

चार-पाच वर्षांपासून पांढऱ्या तुरीचं (बीडीएन ७११) घरचंच बी पेरतो. यंदा राशीत लाल दाणे बरेच निघाले. शेजारी सगळे लाल तूर लावतात. मशिनमध्ये मिसळलं की संकर झाला? आणि आता शुद्ध कसं करायचं? (औसा, जि. लातूर)

दोन्ही शक्य आहे, आणि कोणतं झालं ते शोधता येतं.

आधी एक गोष्ट पक्की करा. तुरीच्या दाण्याचं टरफल आईचं असतं. शेजारच्या लाल तुरीचे पराग यंदा तुमच्या फुलावर आले तरी यंदाचा दाणा पांढराच दिसणार. तो पेरला की पुढच्या वर्षी त्या झाडाचे सगळेच्या सगळे दाणे लाल येतात, कारण लाल रंग पांढऱ्यावर वरचढ आहे. म्हणून एकाच झाडावर थोडे पांढरे, थोडे लाल असं कधी दिसत नाही. यंदाच्या राशीत लाल दाणे निघाले म्हणजे संकर गेल्या वर्षी किंवा त्याआधी झाला, नाहीतर मळणीयंत्रात आधीच्या शेतकऱ्याची लाल तूर अडकलेली होती. यंत्रातून आलेले लाल दाणे बहुधा राशीच्या सुरुवातीच्या पोत्यांत जास्त आणि नंतर कमी होत जातात. संकराचे लाल दाणे सगळ्या पोत्यांत सारखे.

याहून खात्रीची परीक्षा हवी तर लाल दाण्यांतले ४०-५० एका कोपऱ्यात पेरा. यंत्रातून आलेली शुद्ध लाल तूर असेल तर झाडं एकमेकांसारखी दिसतील आणि पुढेही लालच दाणे देतील. संकर असेल तर उंची, फुलोऱ्याची वेळ, शेंगेवरच्या रेषा यांत फरक दिसेल, आणि दाण्यांचा रंग फुटून साधारण तीन झाडं लाल तर एक पांढरं अशी वाटणी होईल.

तूर स्वतःच्या परागावर फळणारी म्हणून ओळखली जाते. परागकोश फूल उमलण्याआधीच फुटतात, तरीही माश्या पाकळ्या उघडून आत शिरतात. पानं कापणाऱ्या माश्या आणि आग्या माशी त्यात पुढे. परक्या परागाचं प्रमाण जागेनुसार काही टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत नोंदवलेलं आहे. २०-२५ टक्के धरून चालणं शहाणपणाचं. या सवयीचा फायदा घेऊन हायब्रीड तूरही निघाली. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या 'इक्रिसॅट' संस्थेने 'कजानस कजानिफोलिअस' या रानटी जातीच्या पेशीद्रव्यात आपल्या तुरीची गुणसूत्रं आणली, तेव्हा नर-वांझ (स्वतःचा चांगला पराग न देणारी) झाडं मिळाली. अशा झाडांवर बी धरायचं काम माश्याच करतात. ती रानटी जात ओडिशा-बस्तरकडची. आपल्याकडे डोंगरउतारावर जमिनीलगत पसरणारी, बारीक लवदार शेंगांची जी रानतूर दिसते ती वेगळी. तिची आणि तुरीची गुणसूत्रं २२-२२ आणि संकर होऊ शकतो, पण तुमच्या लाल दाण्यांसाठी तिला शोधायला जायचं कारण नाही. शेजारचं वावर जवळ आहे.

पेरणी मागेपुढे करून फुलोरा चुकवू, असं अनेक जण सुचवतात. तुरीत हे फारसं चालत नाही. दिवस लहान होऊ लागले की ती फुलावर येते, त्यामुळे २० दिवस उशिरा पेरली तरी फुलोरा २० दिवस पुढे जात नाही. अंतराचं म्हणाल तर बियाण्याच्या प्लॉटला किमान २०० मीटर हवं. चार तास (ओळी) सोयाबीन, दोन तास तूर अशी शिवारभर पेरणी असताना ते कुठून आणणार?

म्हणून दोन वर्षांचा बेत करा. यंदाच्या बियाण्यातले टपोरे पांढरे दाणे निवडून पेरा. हे दाणेही दिसायला पांढरे पण आतून संकरित असू शकतात हे लक्षात ठेवा. फुलोऱ्याच्या आधी वावराच्या मधोमध, वाणाच्या लक्षणांत बसणारी १२-१५ झाडं एकत्र दिसतील अशी जागा पाहा. बांबूचा सांगाडा करून त्यावर मच्छरदाणीचं नायलॉन कापड टाका. कापडाचा खालचा काठ मातीने दाबायचा, नाहीतर माश्या खालून शिरतात. कापड शेंड्यापासून वीतभर वर राहील एवढी उंची ठेवा. फांदी कापडाला टेकली की बाहेरून माशी फुलापर्यंत पोचते. आत शेंगा पोखरणाऱ्या अळीकडे लक्ष ठेवा. कापडाआड पक्षी येत नाहीत, पण आधीच घातलेली अंडी आतच असतात, आणि अळीने पूर्ण झाड फस्त केल्याचं उशिरा कळतं. शेंगा धरल्या की कापड काढून टाका.

कापणी झाडनिहाय करा. प्रत्येक झाड वेगळं झोडपा आणि ज्या झाडाचे सगळे दाणे पांढरे तेच ठेवा. झाडामागे ६० ग्रॅम धरले तरी ७२० ते ९०० ग्रॅम बी हाती येतं. एकराला ५-६ किलो लागतं, म्हणजे हे पाच-सहा गुंठ्यांचं बी झालं. दुसऱ्या वर्षी ते तुमच्याच तुरीच्या मधोमध पेरा, चहूबाजूंनी त्याच वाणाची तूर असू द्या. बाहेरची माशी येता येता आधी कडेच्या झाडांवर आपले पराग सांडते, त्यामुळे मधल्या झाडांपर्यंत परकं फार कमी पोचतं. फुलोरा सुरू होताच, म्हणजे शेंगा दिसायची वाट न पाहता, फुलाच्या पाठीवरच्या लाल रेषा, पानाचा आकार, उंची यांत वेगळं वाटणारं झाड उपटा. त्या पट्ट्याच्या कडेचे पाच-सहा तास वेगळे काढून बाजारात घाला, मधलं बियाण्याला ठेवा. रास करताना यंत्र रिकामं फिरवून घ्या आणि पहिले ५-१० किलो बियाण्यात धरू नका.

हे करूनही दर चार वर्षांनी मूळ संस्थेचं नवीन बी आणणं बरं. बीडीएन ७११ बदनापूरच्या (जि. जालना) संशोधन केंद्राचा वाण आहे.

देशी कापसाचं घरचं बी धरायचं आहे. चहूकडे बीटी कापूस आहे. बीटीचे जीन माझ्या देशीत येतील का? (अर्धापूर, जि. नांदेड)

नाही येणार, आणि इथे निसर्गानेच कुंपण घातलं आहे. देशी कापसात गुणसूत्रं २६, अमेरिकन कापसात ५२, आणि बाजारातला जवळपास सगळा बीटी (बोंडअळीविरुद्धचं जीन घातलेला कापूस) अमेरिकन. दोघांचा संकर क्वचित झालाच तर ३९ गुणसूत्रांचं वांझ झाड होतं, त्याला बोंड धरत नाही. त्यामुळेच बियाणे नियमांत दुसऱ्या जातीच्या कापसापासून फक्त ५ मीटर अंतर मागतात. देशी वाण शेजारच्या दुसऱ्या देशी वाणापासून मात्र जपावा लागतो, तिथे पायाभूतला ५० आणि प्रमाणितला ३० मीटर. अंतर इतकं कमी पुरतं कारण कापसाचा पराग जड आणि चिकट असतो, वाऱ्याने उडत नाही. परभणीच्या 'पीए' मालिकेतले देशी वाण सरळ वाण (हायब्रीड नसलेले) आहेत, त्यांची सरकी राखून पेरता येते.

बीटी हायब्रीडची सरकी पेरण्याचा विचार असेल तर सोडा. ज्या हायब्रीडचा एकच पालक बीटी आहे, त्याच्या सरकीतून आलेल्या चारातल्या एका झाडात तो जीनच नसतो, आणि झाडांची उंची, बोंडाचा आकार विस्कटतो तो वेगळाच.

हायब्रीड कापूस काढायला ५२ आणि २६ गुणसूत्रांमधला हा अडसर मोडण्याची गरज सगळीकडे नसते. १९७० साली सुरतेत निघालेला 'हायब्रीड ४' हा अमेरिकन कापसातल्याच दोन वाणांचा संकर. दोन जातींचा संकर म्हणावा तो धारवाडच्या 'वरलक्ष्मी'चा, १९७२ सालचा, पण तिथेही दोन्ही पालक ५२ गुणसूत्रांचे. नांदेडचा 'एनएचएच ४४' तुमच्या भागात अनेकांना आठवत असेल. तोही ५२ च्या घरातलाच.

सीताफळाच्या बागेत रामफळाची दोन झाडं आहेत, आता हनुमानफळ लावायचा विचार आहे. सीताफळाची गोडी बिघडेल का? बीपासून रोपं केली तर मिसळ येईल का? (धारूर, जि. बीड)

गोडी बिघडणार नाही. दोडक्याच्या उत्तरात सांगितलं तेच इथे : गर झाडाचा, पराग फक्त बीत. रामफळाचे पराग सीताफळावर क्वचितच धरतात, शिवाय फळं येण्याचे मोसमही निराळे आहेत. सीताफळ पावसाळा संपता संपता येतं तर रामफळ उन्हाळ्याच्या तोंडावर.

चेरिमोया, ज्याला बरेच जण हनुमानफळ म्हणतात, त्याचं मात्र सीताफळाशी चांगलं जमतं. दोघांत १४-१४ गुणसूत्रं. १९०८ साली फ्लोरिडात मायामी इथे वेस्टर यांनी हा संकर केला आणि त्याला 'अटेमोया' नाव पडलं. बंगळूरच्या फलोद्यान संस्थेचं 'अर्का सहन' हे त्याच अटेमोयाचं ('आयलंड जेम') पुन्हा सीताफळाशी ('मॅमथ') केलेलं पुढचं संकरित फळ. तुम्ही शुद्ध चेरिमोयाची रोपं घेत असाल तर एकदा विचार करा. ते दक्षिण अमेरिकेतल्या अँडीजच्या थंड डोंगरांचं झाड आहे, बालाघाटच्या उन्हात फुलतं पण फळ नीट धरत नाही.

बीपासून रोपं केली तर एका बागेतल्या वेगवेगळ्या सीताफळ वाणांची मिसळ नक्की येईल. 'धारूर ६'चा गुण हवा असेल तर गावरान सीताफळाच्या रोपावर मृदकाष्ठ कलम करा, बी वापरू नका.

फळं वेडीवाकडी, एका बाजूने बसकी येतात अशी तक्रार तुम्ही पत्राच्या शेवटी केली आहे. ती संकराची नाही, अर्धवट परागीभवनाची आहे. फळावरचा प्रत्येक डोळा म्हणजे फुलातलं एक वेगळं स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला नाही तो डोळा फुगत नाही. सीताफळाचं फूल आधी मादी असतं, पाकळ्या थोड्याच उकललेल्या आणि आतला भाग चिकट, चकाकणारा. नंतर पाकळ्या पूर्ण उघडतात तेव्हा पराग सुटतात, पण तोवर मादी भाग सुकलेला असतो. एका फुलाचा पराग दुसऱ्याला नेऊन देणारे बारीक भुंगेरे कमी पडले किंवा एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्याने मादी भाग वाळला की फळं कमी आणि वाकडी धरतात. पावसाची हवा सुरू झाल्यावर धरणा सुधारतो तो याचमुळे.

हाताने करायचं तर संध्याकाळी पूर्ण उघडत आलेली फुलं तोडून कागदी खोक्यात सावलीत पसरा. सकाळी ती हलकेच झटकली की पुंकेसर आणि पराग खाली पडतात. सकाळी सहा ते नऊ या वेळात, अर्धवट उकललेल्या फुलाच्या पाकळ्या बोटाने किंचित फाकवून, मऊ बारीक ब्रशने पराग सगळीकडून गोल फिरवून लावा. एका फुलाचा पराग तीन-चार फुलांना पुरतो. पाकळ्या जोराने ओढल्या तर फूल गळतं. पराग ओला झाला किंवा प्लॅस्टिकच्या डबीत घाम धरून राहिला तर तो मरतो. बाहेर टोकाला असलेल्या बारीक फांद्यांवरची फुलं सोडा, फळाचं वजन त्यांना पेलत नाही.

ज्वारीत उंच, मोकळ्या कणसाची झाडं दिसतात. ओढ्याकाठी बरू खूप आहे. त्याचाच संकर का? (अंबड, जि. जालना)

बहुधा नाही. बरूत गुणसूत्रं ४०, ज्वारीत २०. संकर झालाच तर बहुतेक झाडं वांझ. क्वचित त्यातून सुपीक झाड निघतंही, म्हणून बियाण्याच्या ज्वारीला बरूपासून ४०० मीटर ठेवायला सांगतात. गंमत म्हणजे बरू स्वतःच ज्वारी आणि दुसऱ्या एका रानटी जातीच्या संकरातून झालेलं आहे. तुमच्या वावरात दिसणारी मोकळ्या कणसाची झाडं बहुतेक चाऱ्याच्या ज्वारीची किंवा सुदान गवताची मिसळ असावी. त्यांची गुणसूत्रं २० आणि पराग वाऱ्यावर येतो. ती फुलण्याआधी मुळासकट उपटा. नुसती कापली तर फुटवे येऊन तेही फुलतात.

पिकाचा गुण उलट रानात गेला तर काय, असंही तुम्ही विचारलं आहे. ही काळजी पोकळ नाही. २०१० च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने बीटी वांग्याला स्थगिती दिली, त्या चर्चेत रानवांग्यांत जीन जाण्याचा मुद्दा होता. वांगं इथलंच पीक आहे आणि त्याचे जवळचे रानटी भाऊबंदही इथेच आहेत. काटेरिंगणी मात्र त्यातली नव्हे.

महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक आहे. संशयित संकरित झाड पराग पाहून ओळखता येईल का? आणि बियाण्यातली मिसळ शोधायला किती झाडं लावावीत? (उदगीर, जि. लातूर)

पराग पाहून शंका घेता येते, निर्णय देता येत नाही. वेगळ्या गुणसूत्रसंख्येच्या दोन जातींचा संकर असेल तर बरेच पराग सुरकुतलेले, रिकामे दिसतात. एकाच जातीतल्या दोन वाणांचा संकर मात्र परागावरून कळत नाही, ते सगळे धट्टेकट्टे असतात. तुरीच्या प्रश्नात हा सूक्ष्मदर्शक उपयोगाचा नाही, भेंडीच्या प्रश्नात आहे.

४५ टक्के अ‍ॅसिटिक आम्लाच्या १०० मिलीत १ ग्रॅम कार्मिन टाका, मंद आचेवर सुमारे अर्धा तास उकळा (वाफ डोळ्यांना, नाकाला झोंबते, खिडक्या उघड्या ठेवा), गार करून गाळा. नुकत्याच उमललेल्या फुलाचा परागकोश काचपट्टीवर टिचकी मारून झटका, एक थेंब रंग टाका, आच्छादन काच ठेवा आणि ५-१० मिनिटं थांबा. घाई केली तर चांगले परागही फिके दिसतात. गोल, गडद लाल ते भरलेले; फिके, चिमलेले ते रिकामे. वेगवेगळ्या जागी मिळून २००-३०० पराग मोजा. भेंडीचे पराग मोठे, काटेरी असल्यामुळे कमी शक्तीच्या भिंगातही दिसतात. शेजारच्या शुद्ध झाडाचे पराग त्याच दिवशी, त्याच रंगात मोजले पाहिजेत, कारण ४० अंशांवरच्या उन्हातही पराग चिमतात आणि ते संकरासारखेच दिसतात.

झाडांची संख्या गणिताने ठरते. १० टक्के मिसळ असेल तर निदान एक वेगळं झाड दिसण्याची ९५ टक्के खात्री हवी असल्यास २९ झाडं लावा. ५ टक्क्यांना ५९, आणि १ टक्क्याला २९९ लागतात. दहा-बारा रोपं लावून 'बी शुद्ध आहे' असं प्रमाणपत्र देणारे पुष्कळ भेटतात.

मोसंबीच्या बीपासून उगवलेली रोपं आईसारखीच येतात, तर केशर आंब्याची का येत नाहीत? (घनसावंगी, जि. जालना)

मोसंबीच्या एका बीत बहुधा एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांतले बरेचसे आईच्या पेशींपासून, परागाचा वाटा न घेता बनलेले असतात. केशरच्या कोयीत गर्भ एकच, तो परागाने झालेला. रंगपूर लिंबाचंही मोसंबीसारखंच. तुमच्या कलमाचा खुंट बहुधा तोच असेल. नावाला लिंबू, पण तो संत्रा गटातलं फळ आणि महाळुंग यांचा संकर. रोपवाटिकेत त्याच्या वाफ्यातली एकसारखी रोपं ठेवा आणि फार ठेंगणी, फार उंच किंवा पानाने वेगळी दिसणारी काढून टाका. वेगळी दिसतात तीच बहुधा परागाची असतात.